सुदर्शन नावाचं तळं

लुई पाश्चर प्रयोगशाळेत उभा आहे, हातात काचेचं भांडं आहे आणि त्याची नजर त्या भांड्यातल्या वस्तूवर खिळली आहे. विज्ञानाच्या पुस्तकात, नाहीतर इंटरनेटवर, हे चित्र तुम्ही कधीतरी पाहिलं असेलच. ते काढणाऱ्याचं नाव मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. आल्बर्ट एडेलफेल्ट, जन्म १८५४, गाव पोर्वो, देश फिनलंड. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याच्या ताब्यात होता आणि चित्रकार म्हणून नाव काढायचं तर पॅरिस गाठावं लागे. एडेलफेल्टनेही तेच केलं. पाश्चरचं चित्र १८८५ मधलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, त्याने एक मोठं निसर्गचित्र काढलं : पॅरिसमधली लक्झेंबर्ग बाग. आज ते हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे.

त्या चित्रात काही घडत नाही. ऊन पडलंय, त्यामुळे जमीन पांढुरकी दिसते. मागे झाडं आहेत. श्रीमंतांघरच्या मुलांना घेऊन आलेल्या दाया बसल्यात, मुलं खेळतायत. युद्ध नाही, देव नाही, राजा नाही. शहराच्या मधोमध असलेली एक निवांत दुपार, एवढाच विषय.

असं चित्र पाहिलं की मनात एक साधा प्रश्न येतो. आपल्या गावातल्या बागेचं, तळ्याचं, पारावरच्या दुपारचं चित्र कुणी कधी काढलंय का? मी वाशिम जिल्ह्यातला. हा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, म्हणजे माझ्या पिढीच्या वयाचाच. केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार जिल्हे आले, त्यात आम्ही आहोत. पुण्यात नोकरीला लागल्यापासून ‘वाशिम म्हणजे नक्की कुठं?’ या प्रश्नाचं उत्तर मी ‘अकोल्याच्या खाली, हिंगोलीच्या वर’ असं देत आलो. अशा गावाचं निसर्गचित्र कोण काढणार?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं, तर ते दीड हजार वर्षं मागे नेतं आणि थेट अजिंठ्यात आणून सोडतं.

पत्र्यावरचं गाव

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. गावातली माणसं हे नाव वत्स ऋषींशी जोडतात. पद्मतीर्थाची, बालाजीची, गावातल्या अनेक तीर्थांची कथाही त्याच माहात्म्यातून येते. पण वत्सगुल्म हे एका राज्याच्या राजधानीचं नाव होतं, हे इतिहासाला पक्कं कळलं ते फार उशिरा.

१९३९ साली वाशिममध्ये ताम्रपट सापडला. तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलं दानपत्र. दान देणारा राजा विंध्यशक्ती, वाकाटक घराण्यातला. आणि दानपत्र जिथून दिलं ते ठिकाण वत्सगुल्म. मजकूर अर्धा संस्कृतात, अर्धा प्राकृतात. वंशावळ संस्कृतात आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा भाग प्राकृतात. आजही आपण वकिलाची भाषा एक ठेवतो आणि गावची दुसरी, तसंच काहीसं.

वाकाटक घराणं माहीत होतं. त्यांची एक शाखा नागपूरजवळच्या नंदिवर्धनला, रामटेकच्या परिसरात राज्य करत होती. चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावतीगुप्ता तिथलीच राणी. पण पहिल्या प्रवरसेनानंतर राज्याची वाटणी झाली आणि सर्वसेन नावाच्या मुलाने वत्सगुल्मला वेगळी गादी स्थापली, ही गोष्ट या पत्र्यांनी उघड केली. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात या सर्वसेनाचं नाव आधीपासून होतं. पण दगड झिजलेला, अक्षरं पुसट, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी ते वेगळंच वाचलं होतं. वाशिमचे पत्रे हाती आल्यावर वा. वि. मिराशी यांनी तो लेख पुन्हा तपासला आणि नाव जागेवर आलं. गावात निघालेल्या तांब्याच्या पत्र्यांमुळे लेण्यातला लेख नीट वाचता आला.

हा सर्वसेन नुसता राजा नव्हता, कवीही होता. ‘हरिविजय’ नावाचं त्याचं महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य पुढच्या काव्यशास्त्रकारांनी नावाजलं. मूळ काव्य हरवलं, त्यातले उतारे तेवढे इतरांच्या ग्रंथांत शिल्लक राहिले. आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत वाशिमचा राजा कविता करत होता, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बागेची ख्याती

वत्सगुल्म शहर कसं होतं? महाल उरला नाही, रस्ते उरले नाहीत. पण पुस्तकांत त्याची ख्याती उरली, आणि ती चैनीच्या गावाची आहे.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात वत्सगुल्मकांचा, म्हणजे इथल्या लोकांचा, उल्लेख येतो. तिथल्या अंतःपुराच्या चालीरीतींबद्दलचा तो उल्लेख काही फार अभिमानाने सांगण्यासारखा नाही. मात्र त्याच ग्रंथात शहरी, सुखवस्तू ‘नागरक’ कसा राहतो याचं तपशीलवार वर्णन आहे. घर पाण्याजवळ असावं, घराला लागून झाडांची वाडी असावी, तिच्यात सावलीला झोपाळा टांगलेला असावा. सकाळी नटूनथटून मित्रमंडळींसह उद्यानात जावं, दिवस खेळात घालवावा आणि संध्याकाळी बागेतली आठवण म्हणून काहीतरी अंगावर मिरवत परतावं. आज आपण सहलीहून येतो तेव्हा फोटो टाकतो. तेव्हा कानात फूल खोवून येत.

त्यानंतर काही शतकांनी, साधारण ९०० च्या सुमारास, राजशेखर ‘काव्यमीमांसा’ लिहितो. त्यात एक रूपककथा आहे. काव्यपुरुष रुसून निघतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते आणि शेवटी दोघांचं लग्न लागतं. कुठे? विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, जे राजशेखराच्या मते कामदेवाचं क्रीडास्थान आहे. काव्य आणि साहित्यविद्या यांच्या लग्नाचं गाव वाशिम! वैदर्भी शैलीलाच प्राकृतात ‘वच्छोमी’ म्हणत, आणि वच्छोम म्हणजे वत्सगुल्म.

थोडक्यात, ज्या गावाला आज नकाशात बोट ठेवून दाखवावं लागतं, ते एकेकाळी बागबगीच्यांच्या, कवितेच्या आणि रसिकपणाच्या गावाचं उदाहरण म्हणून सांगितलं जात होतं.

शके ३८०

आता एका तळ्याकडे येऊ.

वाशिमपासून जवळच हिस्से बोराळा गाव आहे. तिथे एक शिलालेख सापडला. वाकाटक राजा देवसेन याच्या काळात स्वामिल्लदेव नावाच्या त्याच्या अधिकाऱ्याने एक जलाशय बांधला आणि त्याचं नाव ठेवलं सुदर्शन. काळ : शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८.

या तारखेचं मोल संशोधकांना विचारा. वाकाटकांच्या लेखांत ‘अमुक राजाच्या तमुकाव्या वर्षी’ एवढंच असतं. मी ज्या कामात आहे तिथे याला टाइमस्टॅम्प नसलेली लॉग फाइल म्हणतात. सगळं घडलेलं दिसतं, पण कधी घडलं ते जुळवता येत नाही. हिस्से बोराळ्याच्या दगडावर मात्र शकाचं वर्ष आहे. त्या एका आकड्यामुळे देवसेन ४५८ मध्ये गादीवर होता हे ठरतं, त्याच्यानंतर त्याचा मुलगा हरिषेण आला हे ठरतं आणि हरिषेणाच्या काळातली अजिंठ्याची लेणी कधीची, हेही त्यातून ठरत जातं. जगभर ज्या चित्रांवर ग्रंथ लिहिले गेले, त्यांच्या काळाची एक खुंटी वाशिमच्या तळ्याकाठी ठोकलेली आहे.

सुदर्शन या नावालाही परंपरा आहे. गिरनारच्या पायथ्याशी याच नावाचा प्रसिद्ध तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात पुष्यगुप्ताने तो बांधला. वादळात बांध फुटला तेव्हा इसवी सन १५० मध्ये रुद्रदामनाने तो दुरुस्त केला. पुढे स्कंदगुप्ताच्या काळात तो पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने पुन्हा बांधला. ही शेवटची दुरुस्ती ४५६-५७ ची. म्हणजे तिकडे सौराष्ट्रात जुना सुदर्शन डागडुजी होऊन भरत होता, त्याच सुमारास इकडे वऱ्हाडात नवा सुदर्शन तयार होत होता. स्वामिल्लदेवाने नाव तिकडचं ऐकून ठेवलं का, हे दगड सांगत नाही. पण नावाचा अर्थ साधा आहे : बघायला सुंदर. शेतीचं, गुरांचं, प्यायचं पाणी हे तर तळ्याचं कामच. नाव देताना मात्र त्या माणसाला त्याचं दिसणं महत्त्वाचं वाटलं. तळ्याकडे निसर्गचित्रासारखं बघणारा एक अधिकारी आपल्या भागात होऊन गेला.

आणि राजा? अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातला लेख सांगतो की देवसेनाने राज्याचा भार हस्तिभोज नावाच्या मंत्र्यावर सोपवला आणि स्वतः सुखोपभोगात रमला. लेखात हे कौतुकाने लिहिलंय, कारण लेख कोरवून घेणारा वराहदेव हा त्या हस्तिभोजाचाच मुलगा.

भिंतीवरचं तळं

हा वराहदेव हरिषेणाचा मंत्री. १६ वं लेणं त्याने दान दिलं. शेजारचं १७ वं लेणं हरिषेणाच्या एका मांडलिकाचं. त्या लेण्याच्या शिलालेखात या मांडलिकाचं नाव झिजून गेलंय. संशोधक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. त्याच्या धाकट्या भावाचं नाव मात्र वाचता येतं : रविसांब. तो अकाली गेला. त्या दुःखात मोठ्या भावाने पुण्यकर्मांचा सपाटा लावला आणि हे लेणं त्यातलंच. अजिंठ्यातली सर्वांत जास्त चित्रं आज याच लेण्यात टिकून आहेत.

या चित्रांत बागा जागोजाग आहेत. २ क्रमांकाच्या लेण्यात नागकन्या इरंदती झोपाळ्यावर बसली आहे. लुंबिनीच्या वनात मायादेवी उभी आहे. छतांवर कमळं, फळं, वेली, हंस आहेत. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती हे रंग साधे. निळा तेवढा दूरचा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाचा.

पण मला सांगायचंय ते १७ व्या लेण्यातल्या हंसजातकाबद्दल. गोष्ट अशी. वाराणसीच्या राजाला सोन्यासारख्या हंसाविषयी कळतं आणि तो बघायची ओढ लागते. हंस काही बोलावून येणार नाहीत. मग राजा शहराजवळ एक सुंदर तळं बांधवून घेतो, त्यात कमळं लावतो आणि दवंडी पिटतो : या तळ्यावर सगळ्या पाखरांना अभय आहे. पाखरं येतात, बातमी पसरते, हंसांचा राजाही थव्यासह उतरतो. आणि तिथे आधीच लावून ठेवलेल्या फासात त्याचा पाय अडकतो. थवा उडून जातो. त्याचा सेनापती सुमुख तेवढा जागचा हलत नाही. ते पाहून पारधी विरघळतो. पुढे दोघं हंस राजासमोर जातात, राजाला धर्म सांगतात आणि सुखरूप परत जातात.

भिंतीवर हे सगळं आहे : कमळांचं तळं, उडणारे हंस, पारधी, दरबार. तळ्याचा भाग एकटा पाहिला तर तो निव्वळ निसर्गचित्र आहे, शहराबाहेरची निवांत जागा. गोष्ट माहीत असेल तरच कळतं की तो सापळा आहे.

इथे मोह होतो. बापाच्या काळात वत्सगुल्मजवळ सुदर्शन तळं बांधलं गेलं, मुलाच्या काळात अजिंठ्यात तळ्याचं चित्र काढलं गेलं. मग ‘अजिंठ्यात वाशिमचं तळं!’ असा मथळा देऊन व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून द्यायला काय हरकत? हरकत आहे. चित्रातलं शहर वाराणसी आहे. जातकं वत्सगुल्मच्या कितीतरी आधीपासून देशभर सांगितली जात होती आणि चित्रकारांच्या हातात पिढ्यांनी ठरवलेले साचे होते. त्यातल्या एकानेही हिस्से बोराळ्याचं पाणी पाहिलं होतं, असं म्हणायला पुरावा नाही. आपल्या गावाबद्दलचं प्रेम पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

खात्रीने सांगता येतं ते एवढंच, आणि ते कमी नाही. ज्या राज्यात ही चित्रं काढली गेली, त्याची राजधानी वाशिम होती. ज्यांनी चित्रांसाठी पैसा दिला ती माणसं वाशिमच्या राजाची मंत्री-मांडलिक होती. त्या राज्यात तळं बांधणं हे दगडावर कोरून ठेवण्याइतकं मोठं काम होतं. आणि तळं बांधणाऱ्याने दिलेलं अभय खरं असेल की खोटं, हा प्रश्न त्या काळच्या माणसांना भिंतीवर रंगवण्याइतका महत्त्वाचा वाटत होता.

बाग कुणाची

हा प्रश्न अजिंठ्यात पुन्हापुन्हा येतो. २ क्रमांकाच्या लेण्यात क्षांतिवादी जातक आहे. राजा राणीवशासह बागेत जातो, खातो-पितो, त्याला झोप लागते. बायका फिरत फिरत झाडाखाली बसलेल्या तपस्व्याजवळ जातात आणि त्याचं बोलणं ऐकत बसतात. राजा जागा होतो, संतापतो आणि त्या तपस्व्याचे हातपाय तोडतो. राजाच्या पायाशी गयावया करणारी स्त्री त्या भिंतीवर आजही दिसते. जागा तीच, सुंदर आणि शांत. पण बाग राजाची आहे आणि तिथे कुणी कुणाचं ऐकत बसायचं, हे राजा ठरवणार.

एडेलफेल्टच्या बागेचाही इतिहास याच वाटेचा आहे. लक्झेंबर्ग बाग सतराव्या शतकात राणी मारी द मेदिची हिने स्वतःच्या महालासाठी करवून घेतली. ती लोकांची झाली ती पुढे, हळूहळू. १८६० च्या दशकात पॅरिसची नवी आखणी करताना बागेचे तुकडे रस्त्यांसाठी, इमारतींसाठी कापायला घेतले, तेव्हा पॅरिसकर चिडले, अर्जविनंत्या झाल्या. तरी काही भाग गेलाच. एडेलफेल्टने जी निवांत दुपार रंगवली, ती या भांडणानंतर वीस वर्षांनी उरलेल्या बागेतली आहे. शिवाय त्या चित्रातल्या दाया दुसऱ्यांची मुलं सांभाळतायत. बागेत बसणं हे त्यांचं काम आहे.

म्हणून शांत बागेचं चित्र पाहताना मला आता दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. ही जागा कुणी राखली? आणि इथे यायची मुभा कुणाला होती?

प्रती आणि आगी

हरिषेणाच्या मृत्यूनंतर वत्सगुल्मचं राज्य झपाट्याने कोसळलं. अमेरिकन संशोधक वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर अजिंठ्याचा अभ्यास करून मांडलं की ही दुसऱ्या टप्प्यातली लेणी जेमतेम वीसेक वर्षांत झाली आणि ४७७ च्या सुमारास हरिषेण गेल्यावर काम थांबलं. सगळे विद्वान हे मानत नाहीत. पण अर्धवट सोडलेली लेणी डोळ्यांसमोर आहेत; २४ क्रमांकाचं भव्य लेणं तसंच अपुरं राहिलं. पैसा देणारं राज्य गेलं आणि छिन्नी थांबली.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याची लेण्यांवर नजर पडली आणि जगाचं लक्ष इकडे वळलं. त्यानंतर चित्रांच्या नकला करण्याचं काम सुरू झालं. रॉबर्ट गिलने १८४४ पासून अनेक वर्षं लेण्यांत राबून मोठमोठ्या नकला केल्या. त्यातल्या जवळपास सगळ्या १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. एकाच जागी ठेवलेला बॅकअप हा बॅकअप नसतो, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. इथे तो धडा दोनदा मिळाला.

योगायोग असा की १८८५ हेच एडेलफेल्टच्या पाश्चरचं वर्ष. त्याची बाग हवा-उजेड मोजून ठेवलेल्या संग्रहालयात शाबूत आहे. आपलं तळं डोंगरातल्या मातीच्या गिलाव्यावर आहे, आणि आपल्या श्वासातल्या दमटपणानेही त्याचं नुकसान होतं.

वाशिमहून अजिंठा मेहकर-चिखली-बुलढाणा करत एका दिवसात गाठता येतं. आम्ही शाळेत असताना सहल गेली की सगळे १ नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणीपाशी गर्दी करायचे आणि १७ पर्यंत पोचेपर्यंत बसची वेळ झालेली असायची. तुम्ही गेलात तर १७ साठी वेळ राखून ठेवा. आत अंधार असतो. डोळे सरावायला पाचेक मिनिटं लागतात. हंस सापडले की तळंही सापडेल.

आणि वाशिमकडच्या मित्रांना एक सुचवतो. तालुक्याच्या प्रत्येक गावात एक तळं असतं आणि नगरपरिषदेचा एक बगीचा असतो. त्यांची चित्रं कुणी काढली नाहीत म्हणून ती कमी महत्त्वाची ठरत नाहीत. स्वामिल्लदेवाने चित्र काढलं नव्हतंच. त्याने तळं बांधलं, त्याला नाव दिलं आणि तारीख लिहून ठेवली. राज्य गेलं, राजधानी गेली, तरी तेवढ्या नोंदीवर एका आख्ख्या काळाचा हिशेब लागला. आपल्या गावच्या तळ्याचं नाव काय, ते कुणी बांधलं, त्यावर कुणाला येऊ दिलं जायचं आणि कुणाला नाही, हे विचारायला घरातली म्हातारी माणसं अजून आहेत. विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा.